रंग तिथला की आपला?

गेल्या थंडीत फूलबागेजवळच्या आमच्या गच्चीवरून मी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली नुसत्या डोळ्यांना जो पुसट ठिपका दिसतो, तोच हा. प्रत्यक्षात तो पूर्णचंद्राच्या जवळजवळ दुप्पट रुंदीचा आहे. अल्पकाळाची दोनशे चित्रे एकावर एक रचली, तेव्हा लालगुलाबी पंख पसरलेला मेघ उमटला. आत्याला आधी दुर्बिणीतून मेघ दाखवला, मग हे चित्र. तिने शांतपणे विचारले, “दुर्बिणीत तर राखाडी धुकं होतं. हा रंग तिथला, की तू भरलेला?”

लाल रंगापुरते उत्तर निःसंदिग्ध होते. मेघाच्या गर्भातील तप्त ताऱ्यांचे अतिनील किरण हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे करतात. ते पुन्हा अणूत परतताना ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बाहेर पडतो. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, एवढेच. डोळा प्रकाश साठवू शकत नाही, छायाचित्र साठवते. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटे प्रकाश घेऊन याच मेघाचे पहिले छायाचित्र टिपले, तेव्हापासून दृष्टीची ही मर्यादा सरकत आली आहे. जे दिसत नाही ते असत्य, असे म्हणण्याची सोय तेव्हाच संपली.

परंतु आत्याच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मला बोचला. मेघाच्या कडांची निळी झाक मी वाढवली होती, केवळ शोभेसाठी.

संस्करण म्हणजे खोटेपणा, असे मात्र नाही. शहराच्या दिव्यांचा पिवळा उजेड मी चित्रातून काढला, तो आकाशाचा नव्हताच. दुर्बिणीचे तोंड झाकून तितक्याच वेळाची चित्रे घेतात. त्यांत उमटणारे ठिपके कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष असतात, ते मूळ चित्रातून वजा करायचे. आपले आधी वजा करावे, मग उरेल त्याला जग म्हणावे, हा या विद्येचा नीतिधर्म. निळी झाक भरताना मी नेमके उलटे केले होते.

समजून घेण्यातही हाच कस लागतो. या मेघाच्या वर्णपटातील एका हिरव्या रेषेवरून एकोणिसाव्या शतकात वाद पेटला होता. लॉकियर यांच्या उपपत्तीनुसार ती अशनींतील मॅग्नेशियमची, म्हणून एका बाजूस पसरट दिसायला हवी. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील कावसजी नायगमवाला यांनी तिचे वेध घेतले आणि १८९१ मध्ये कळवले, की ती बारीक व रेखीव आहे. ती नेमकी कशाची, याचे अनुमान बांधण्याचा मोह त्या काळी अनेकांना झाला. एका अज्ञात मूलद्रव्याला नावही देऊन झाले. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, हे बोवेन यांनी दाखवले ते १९२७ मध्ये. मधली छत्तीस वर्षे ‘रेषा रेखीव आहे’ एवढेच विधान तग धरून राहिले, कारण त्यात पाहणाऱ्याची भर नव्हती.

आज दिसणारा हा प्रकाश निघाला सुमारे १३५० वर्षांपूर्वी. आपल्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शून्य कोरला गेला, तेव्हा तो वाटेवरच होता. इतक्या दुरून आलेल्याशी आपण कसे वागावे? आपल्यालाही दुरून आलेल्या गोष्टी सांभाळायच्या आहेत. आमचा मूळपुरुष महादजी शिंद्यांच्या फौजेबरोबर आला, असे आत्याच सांगते. त्याच्या घोड्याचा रंग मात्र दर पिढीत बदलत आला आहे. तो रंग प्रेमाने भरला गेला, हे खरे. पण पुढच्या पिढीला घोडा कोणता आणि प्रेम कोणते, हे वेगळे करता येत नाही.

मी ते चित्र पुन्हा नव्याने रचले, निळी झाक न वाढवता. आत्या म्हणाली, “जरा फिकं झालं.” मग चष्मा पुसून म्हणाली, “चल, दुर्बीण लाव. पुन्हा बघते.”