भिडूची चाल भिडूलाच करू दे

चि. सोनूस,


‘फरगॉटन वॉटर्स’ या चाच्यांच्या पटखेळाचा डाव अर्ध्यावर मोडला, भावंडं एकेक करून टीव्हीपुढे जाऊन बसली, म्हणून तू रुसला आहेस असं कळलं. खेळच कंटाळवाणा, असा निकालही तू देऊन टाकलास. मला तो मान्य नाही. सुट्टीत मीही त्या पटावर तुमच्याबरोबर बसलो आहे. खेळ चांगला आहे. घोटाळा दुसरीकडेच आहे.

नियम तुला तोंडपाठ. सगळे एकाच जहाजावर, जिंकलो तर सगळे, बुडालो तर सगळे. मग दुसऱ्याला चुकू का द्यायचं, असं तुला वाटतं. बुद्धिबळात समोरच्याची चाल तू करत नाहीस. इथे मात्र धाकटीची सोंगटी उचलून खुशाल पुढे ठेवतोस. सगळ्यांनी मिळून खेळायच्या खेळांचं हे जुनंच दुखणं आहे. एक शहाणा बोलतो, बाकीचे त्याचे हात होतात.

2020 साली हा खेळ काढणाऱ्यांनी त्यावर उपाय करून ठेवले आहेत. जहाज नव्या ठिकाणी पोचलं की खेळातल्या पुस्तकाचं पान उघडतं, घड्याळ सुरू होतं आणि ज्याने त्याने आपलं काम निवडायचं. जो जास्त बदनाम त्याचा नंबर आधी! भाषण ठोकायला सवडच नाही. खलाशी, रसद, डागडुजी यांचा हिशेबही वेगवेगळ्या हातांत. खलाशांमधला असंतोष वाढत गेला तर बंड होतं आणि सगळेच हरतात.

शिवाय प्रत्येकाची स्वतःची गोष्ट असते. सुरुवातीला कागदावरच्या रिकाम्या जागा भरायच्या. आठवतं, धाकटीने एका जागेत ‘कैरीचं लोणचं’ लिहिलं होतं? तिच्या चाच्याची पाळी आली तेव्हा तिने ते इतक्या गंभीरपणे वाचलं, की आजीला ठसका लागला. खेळाच्या अ‍ॅपमधला निवेदक इंग्रजीत बोलत होता आणि आजी त्याचं मालवणी करून सांगत होती. फासा कुणाला किती पडला ते आज कुणाच्या लक्षात नाही. लोणचं आहे.

खरे चाचेही एकाच्या हुकमावर चालत नसत. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरचे करार 1724 साली लंडनमध्ये निघालेल्या चाच्यांच्या इतिहासात छापलेले आहेत. पहिलंच कलम असं, की महत्त्वाच्या बाबतीत प्रत्येकाला एक मत. लुटीत कप्तानाला दोन वाटे, साध्या खलाशाला एक. लढाईत अवयव गमावला तर सामायिक खजिन्यातून भरपाई. कप्तानाचा शब्द अखेरचा असे तो पाठलागात नि लढाईत. एरवी खलाशी त्याला पदावरून उतरवूही शकत. ही माणसं क्रूर होती, त्यांचं कौतुक करायचं कारण नाही. पण सगळ्यांना सामील करून घेतल्याशिवाय जहाज चालत नाही, हे त्यांनाही उमगलं होतं. गंमत म्हणजे, त्याच करारात पैसे लावून पत्ते किंवा फासे खेळायला बंदी होती.

गोष्ट एकाच तोंडून आली की काय होतं, हे तर आपल्या कोकणाला चांगलं ठाऊक आहे. कान्होजी आंग्रे मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख. त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, न घेता जाणारी जहाजं ते पकडत. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून 1721 साली त्यांच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. तरी 1737 साली क्लेमंट डाउनिंग या इंग्रजाचं पुस्तक निघालं, त्याच्या नावातच आंग्र्यांना ‘चाचा’ म्हटलं आहे. सांगणारा एकच असला की ऐकणाऱ्याच्या वाट्याला एवढंच येतं.

तेव्हा पुढच्या डावात तू नियम सांग, विचारलं तर सल्ला दे, आणि मग गप्प बस. धाकटीने जहाज खडकावर घातलं तर घालू दे; तीही गोष्टच आहे, आणि ती तिची आहे. जिंकण्यापेक्षा सगळे पुन्हा खेळायला येण्यात तुझं कसब दिसेल.

आज संध्याकाळी तिला फोन कर आणि ‘तुझी चाल तूच कर’ एवढं सांग. बाकीचं तिच्यावर सोड.

तुझा,
आजोबा