जोडा कोणी शिवला?

लेव्ह टॉलस्टॉय यांच्या समग्र साहित्याचे बारा खंड एका कपाटात ओळीने लावलेले होते. त्यांच्या शेजारी बुटांचा एक जोड ठेवला होता आणि त्यावर चिठ्ठी होती: खंड तेरावा. हा मान देणारे मिखाईल सुखोतिन पुढे टॉलस्टॉय यांचे जावई झाले. बूट मात्र बाजारातून आणलेले नव्हते. खुद्द टॉलस्टॉय यांनी ते शिवले होते. 1880 च्या दशकात मॉस्कोच्या खामोव्निकी भागातल्या घरी ते एका मोच्याकडून आरी धरायला, दोऱ्याला मेण लावायला, टाच बसवायला शिकले. कवी अफानासी फेत यांनीही त्यांच्याकडून एक जोड शिवून घेतला, सहा रूबल मोजले आणि तसा रीतसर दाखला लिहून दिला.

हा उमराव लेखकाचा छंद नव्हता. पन्नाशीच्या आसपास टॉलस्टॉय यांना एका प्रश्नाने घेरलं होतं: दुसऱ्याच्या घामावर जगणाऱ्या माणसाने ख्रिस्ताचं नाव कोणत्या तोंडाने घ्यावं? आपल्या भाकरीपुरते कष्ट प्रत्येकाने आपल्या हातांनी करावेत, हे त्यांना सापडलेलं उत्तर. त्यांच्यासाठी तो अर्थशास्त्राचा मुद्दा नव्हता, धर्माचा होता.

हे उत्तर तिथून दक्षिण आफ्रिकेत पोहोचलं. गांधीजींचे मित्र हर्मन कालेनबाख मारियानहिलच्या ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला शिवायला शिकले. मौन आणि अंगमेहनत यांना प्रार्थनेइतकंच मानणाऱ्या साधूंचा तो मठ. कालेनबाख यांच्याकडून ती कला गांधीजींकडे आली आणि 1910 मध्ये सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्म या वसाहतीत चपलांचं काम रोजच्या दिनक्रमात बसलं. तुरुंगात शिवलेला एक जोड त्यांनी 1914 मध्ये देश सोडताना जनरल स्मट्स यांना दिला, म्हणजे ज्यांनी त्यांना तुरुंगात टाकलं त्यांनाच. स्मट्स यांनी तो अनेक उन्हाळे वापरला आणि 1939 मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, परत पाठवला. एवढ्या मोठ्या माणसाच्या पायताणात उभं राहण्याची आपली योग्यता नाही, असं त्यांनी लिहिलं.

दोन्ही गोष्टी सुंदर आहेत. पण त्या मनाला भिडतात त्या शिवणाऱ्याच्या नावामुळे. ज्या मोच्याने टॉलस्टॉय यांना टाका घालायला शिकवलं, त्याने आयुष्यभरात किती बूट शिवले असतील! त्यातला एकही कोणाच्या पुस्तकांच्या कपाटात गेला नाही. कष्ट पवित्र असतील तर ते कोणाच्याही हातचे पवित्र असायला हवेत. की थोरामोठ्यांचा हात लागल्यावरच त्यांना पावित्र्य येतं?

पायताणावर सर्वांत गाजलेलं तत्त्वचिंतन ज्या चित्राभोवती झालं, त्या चित्राकडे या प्रश्नासह पाहावं. व्हॅन गॉगने 1886 मध्ये पॅरिसमध्ये रंगवलेले ते कष्टाचे बूट: तोंड उघडलेले, नाड्या सैल पडलेल्या, चामडं ठिकठिकाणी मुडपलेलं. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांना 1935 च्या आपल्या व्याख्यानात त्या बुटांच्या पोकळीत एका शेतकरी बाईचं अख्खं आयुष्य दिसलं. ओली माती, संध्याकाळची वाट, भाकरीची काळजी. 1968 मध्ये कलासमीक्षक मायर शापिरो यांनी त्यांना खोडून काढलं. हे बूट शेतकरणीचे नाहीत, शहरात राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचे आहेत, असं त्यांचं म्हणणं. पुढे फ्रेंच विचारवंत जाक देरिदा यांनी दोघांचीही उलटतपासणी घेतली आणि विचारलं, हा एक जोड तरी आहे कशावरून? तीन मोठी डोकी. एकाला घालणारी दिसली, दुसऱ्याला रंगवणारा दिसला, तिसऱ्याला शंका दिसली. ज्याने ते चामडं ओढून फर्म्यावर बसवलं, ज्याच्या टाक्यांमुळे ते बूट चित्र होईपर्यंत तगले, त्याच्यावर हा वाद कधी रेंगाळला नाही. वस्तूच्या सत्यावर एवढी चर्चा झाली आणि वस्तू करणारा बाहेरच राहिला.

अथेन्समध्ये मात्र एक अपवाद भेटतो. डायोजेनीस लाएर्तिअस हा प्राचीन चरित्रकार सायमन नावाच्या चांभाराची हकिकत देतो. सॉक्रेटिस त्याच्या दुकानात येऊन बसे, गप्पा होत आणि सायमन आठवेल तेवढं लिहून ठेवी. अशा तेहतीस संवादांची यादी डायोजेनीसने दिली आहे. त्यांना लोक चामड्याचे संवाद म्हणत. अथेन्सचा सर्वांत बलाढ्य नेता पेरिक्लीस याने सायमनला आश्रय देऊ केला, तेव्हा आपलं बोलण्याचं स्वातंत्र्य विकायला नाही, असं सांगून त्याने तो नाकारला. ही दंतकथा म्हणून सोडून देता आली असती. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर अथेन्सच्या जुन्या चौकालगत उत्खननात एक घर सापडलं. तिथे बुटांच्या तळाला ठोकायचे लोखंडी खिळे होते, नाडीसाठीची हाडाची कडी होती आणि एका पेल्याच्या बुडावर कोरलेलं नाव होतं: सायमनचा. हाच तो सायमन असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी ज्या चौकात तत्त्वज्ञान जन्मलं त्याच्या कडेला चामडं कापलं जात होतं, एवढं नक्की. सायमनचे ते तेहतीस संवाद काळाच्या ओघात नाहीसे झाले.

आपल्याकडे या प्रश्नाला जातीची धार आहे. आपल्या धर्मपरंपरेत पायताणाला केवढं मोठं स्थान! भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून राज्य चालवलं. आषाढीला आळंदीहून आणि देहूहून पालखीतून निघतात त्या पादुकाच, आणि लाखो लोक त्यांच्यापुढे डोकं टेकवतात. त्याच समाजात मेलेलं जनावर ओढायचं महारांनी, कातडं कमवायचं ढोरांनी, शिवायचं चांभारांनी अशी वाटणी ठरलेली होती आणि तिघेही गावकुसाबाहेर होते. अनेक गावांत सवर्णांच्या आळीतून जाताना दलितांनी पायातली वहाण काढून हातात घ्यावी असा दंडक होता. गावाचे पाय ज्यांच्यामुळे पोळत नव्हते, त्यांनी अनवाणी चालायचं.

याहून बोलकी गोष्ट पखवाजाची. त्याची पुडी चामड्याची, ती ताणून धरणाऱ्या वाद्या चामड्याच्या. पखवाजाशिवाय भजन उभं राहत नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात शतकानुशतकं हे चामडं वाजत आलं, पण ते कमावणाऱ्या माणसांना आत पाऊल टाकायला 1947 उजाडावं लागलं आणि त्यासाठी साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागलं. चामड्याच्या शुद्धाशुद्धतेबद्दल शास्त्रार्थ कितीही होवोत, या एका वस्तुस्थितीपुढे ते टिकत नाहीत. अडचण चामड्याची असती तर पखवाजही दाराबाहेर राहिला असता.

बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, हे सगळं उलटून टाकण्याचा प्रयत्न झाला. बसवेश्वरांनी कायक ही कल्पना मांडली: प्रामाणिकपणे केलेलं कोणतंही काम हीच शिवपूजा, त्यात वरचं-खालचं नाही. त्यांच्या अनुयायांमध्ये, म्हणजे शरणांमध्ये, हरळय्या हे चांभार होते. परंपरा सांगते की हरळय्यांनी केलेल्या नमस्काराला बसवेश्वरांनी दुप्पट आदराने उत्तर दिलं. त्या ऋणाने हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा इतके भारावले, की त्यांनी स्वतःच्या मांडीचं कातडं काढून बसवेश्वरांसाठी वहाणा शिवल्या. बसवेश्वरांनी त्या पायात घातल्या नाहीत, डोक्यावर घेतल्या.

कीर्तनकार ही कथा बहुधा इथे थांबवतात. खरा कस पुढे लागला. हरळय्यांच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मण घरातून आलेल्या शरणाच्या मुलीशी झालं आणि राजा बिज्जळाच्या दरबारात वादळ उठलं. दोन्ही व्याह्यांना देहदंड झाला, कल्याण पेटलं, शरण पांगले. वहाणा डोक्यावर घेतल्याने राज्य हादरलं नव्हतं. वहाणा शिवणारा सोयरा झाला तेव्हा ते हादरलं. वस्तूला वंदन करणं समाजाला नेहमीच परवडतं. माणसाला पंगतीत घेणं महाग पडतं.

संत रविदास, महाराष्ट्राचे रोहिदास, यांची काथवटीतल्या गंगेची कथा सर्वांना ठाऊक आहे. चामडं भिजवायच्या भांड्यात गंगा प्रकटली, हा चमत्कार लक्षात राहतो. त्याआधीचा लहानसा तपशील सहसा निसटतो. गंगास्नानाला का येत नाही असं विचारल्यावर रोहिदास म्हणतात, आज एकाचा जोडा शिवून द्यायचा शब्द दिला आहे. गंगा त्यांच्याकडे येते ती हा शब्द पाळला म्हणून. कारागिरीचं अध्यात्म याहून नेमकं कुठे सांगितलेलं क्वचितच सापडेल. घरातल्या जुन्या, हाताने शिवलेल्या जोड्याची ओढ वाटते तीही यामुळेच असावी. त्याच्या प्रत्येक टाक्यात कोणीतरी आपला शब्द पाळलेला असतो. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवायचं, त्याची पिशवी शिवून त्यात तेच पाणी भरून टांगायचं, मग तळ, पट्टे, कान कापून खिळ्याविना चामड्याच्याच वादीने शिवायचं. क्रोमच्या रसायनात जे एका दिवसात उरकतं, त्याला इथे आठवडे लागतात. असा जोडा पहिले काही दिवस चावतो, मग पायाचा आकार धरतो. तळ झिजला की बदलता येतो.

पण कायकाच्या या सुंदर विचाराला एक फट आहे आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवली. 1927 मध्ये महाडला त्यांनी आपल्या लोकांना मेलेली जनावरं ओढणं सोडा, असं सांगितलं. 1936 च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी मांडलं की जात म्हणजे केवळ कामाची वाटणी नसून कामगारांचीच कप्पेबंद विभागणी आहे, कारण तिथे काम निवडण्याची मुभाच नाही. हा आक्षेप टॉलस्टॉय आणि गांधीजी दोघांनाही लागू पडतो. त्यांनी आरी हातात घेतली आणि हवी तेव्हा खाली ठेवली. ज्याला ती खाली ठेवता येत नाही, त्याला कामाचं पावित्र्य ऐकवणं ही क्रूरताच आहे. आणि काम केलं तरी सुटका नसते. 2016 मध्ये गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या तरुणांना भररस्त्यात फटके मारले गेले. त्यानंतर तिथल्या अनेक दलितांनी मेलेली जनावरं उचलायचं बंद केलं. ते नकार देणं हेही धर्मकृत्यच होतं.

मग अप्पासाहेब पटवर्धनांसारख्यांचं काय? जन्माने ब्राह्मण असलेल्या या कोकणातल्या गांधीवाद्याने 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम करू द्यावं म्हणून उपवास केला, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मेलेल्या जनावरांच्या कातड्याचं कामही केलं. आंबेडकरांचा आक्षेप मनात ठेवूनही हे काम लहान ठरत नाही. जन्माने ज्याच्या वाट्याला हे काम येत नव्हतं त्याने ते उचललं, तेव्हा जातीची ती वाटणी एका जागी तरी फाटली. पण कुंपण दोन्ही बाजूंनी मोडावं लागतं. ब्राह्मणाने कातडं कमवायला यावं हे जितकं गरजेचं, तितकंच चर्मकाराच्या मुलीने ते न कमावण्याचं ठरवणं.

मोकळं असण्याची ही गरज रोहिदासांनी पाचशे वर्षांपूर्वी ओळखली होती. त्यांची चाळीसेक पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यातलं एक बेगमपुऱ्याचं, दुःख नसलेल्या नगराचं. त्या नगरात कर नाहीत, भीती नाही, उतरंड नाही, आणि हवं तिथे फिरायला कोणी अडवत नाही. जोडे शिवणाऱ्या संताच्या स्वप्नात मोकळ्या चालण्याला जागा मिळावी, हे त्याच्या धंद्याला आणि त्याच्या दुःखाला धरूनच आहे. ज्या समाजात त्याने शिवलेला जोडा सगळीकडे जाऊ शकत होता आणि तो स्वतः जाऊ शकत नव्हता, त्या समाजातून त्याचं स्वर्गाचं चित्र आलेलं आहे.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. महाराष्ट्रातून गदारोळ उठल्यावर कंपनीने त्या चपलांचं मूळ भारतीय परंपरेत असल्याचं मान्य केलं. तो संताप रास्त होता. पण त्या दिवसांत जो अभिमान उफाळला तो बहुतेक कोल्हापूरचा, महाराष्ट्राचा होता. ढोर आणि चर्मकार समाजाचं नाव त्यात फार कमी वेळा आलं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकनही महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांचं आहे. जिल्ह्याला नाव मिळालं, हातांना नाही.

2025 मध्येच महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने कोल्हापुरी चपलेला क्यूआर कोड लावायला सुरुवात केली. मोबाइल धरला की जोड कुठे झाला, कशाचा झाला आणि कोणत्या कारागिराने किंवा बचत गटाने केला हे कळतं. चपलेवर करणाऱ्याचं नाव यायला एवढी शतकं लागली. ते नाव वाचल्यावर भावात घासाघीस करायची का, त्या घरी गेल्यावर पाणी प्यायचं का, आणि त्या कारागिराच्या मुलाने आरी सोडून दुसरं काही निवडलं तर कला बुडाली म्हणून हळहळायचं की त्याच्यासाठी आनंद मानायचा, हे आता जोडा विकत घेणाऱ्याने ठरवायचं आहे.