आवरणाऱ्याचा अधिकार

दुसऱ्यानें मांडलेलें आवरण्याचा अधिकार कोणास, आणि कोठवर? प्रश्न घरगुती दिसतो. परंतु संगणकानें त्यास नवें रूप दिलें आहे.

समजा, काळाचौकीतील एका तरुणानें 18 जानेवारी 1982 रोजीं सुरू झालेल्या गिरणीसंपाच्या आठवणी वृद्ध कामगारांकडून टिपून घेतल्या व वर्डप्रेसच्या साह्यानें संकेतस्थळावर मांडल्या. प्रत्येक आठवणीच्या आरंभीं त्यानें स्वहस्तें कोड लिहून एक रिकामी खूण ठेविली. अनुक्रमणिकेंतील नांवावर बोट ठेवितांच वाचक त्या खुणेपाशीं पोंचे. पुढें एका सोबत्यानें केवळ एक ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यासाठीं तें पान दृश्य संपादकांत, म्हणजे कोड झांकून पान दिसेल तसेंच लिहूं देणाऱ्या साधनांत, उघडलें. वर्डप्रेसच्या जुन्या दृश्य संपादकास अक्षरावांचूनची खूण कित्येकदां निरर्थक वाटे. ती तो मुकाट्यानें काढून टाकी. पान पूर्वीसारखेंच दिसलें; मात्र नांवांवर बोट ठेवून कोणीही त्या माणसांपर्यंत पोंचेना.

सोबत्याचा हेतु निर्मळ, यंत्रास तर हेतुच नाहीं. तरीही हानि झाली. जें आपणांस कळत नाहीं त्यास अर्थच नाहीं असें धरून चालणें, हें तिचें मूळ होय.

म्हणून हें साधन त्याज्य आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कोड न जाणणाऱ्या असंख्यांस त्यानेंच लिहितें केलें. शिवाय सुधारणा हें पाप नव्हे. शके 1506 मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. पण तो प्रती ताडून, आणि आपण काय केलें तें सांगून. डिसेंबर 2018 मध्यें आलेला वर्डप्रेसचा नवा संपादकही न जुळणारा कोड आढळल्यास थांबून विचारतो, आणि हातानें लिहिलेल्या कोडास जसाच्या तसा ठेवणारा स्वतंत्र कप्पा देतो. न कळलेल्यास हात न लावणें, हाच येथें विवेक.

परंतु कर्तव्य एकपक्षीं नाहीं. कित्येक जाणकार आपल्यापुरता दृश्य संपादक बंद करून निश्चिंत होतात. ती व्यवस्था त्यांच्याच खात्यापुरती असते. सोबत्याचें खातें पूर्ववत् चालूच राहतें. तेव्हां आडवाट काढणाऱ्यानें ती कां काढली, हें मागून येणाऱ्यास कळेल असें लिहून ठेवावें. आवरणाऱ्यानें विचारावें हें खरें. पण मांडणाऱ्यानें सांगूनच ठेविलें नाहीं, तर तो विचारणार तरी कोणास?