दामाजीचा जामीन

'जामीन' हा शब्द अरबीतून आला, तो रकमेसाठी नव्हे, माणसासाठी. 'मी याला जामीन राहतो' म्हणजे याच्या शब्दामागे माझा शब्द उभा करतो. कोर्टात मात्र या शब्दाला सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला जामीन मंजूर झाला होता, पण दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याच्या भावाला जामीनदार म्हणून नाकारलं. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लुटवलं आणि विठू महाराच्या रूपात विठोबाने बेदरच्या बादशहाकडे जाऊन पैसे भरले, ही कथा आपण देवाच्या कृपेची म्हणून सांगतो. भक्ताला ती कृपाच. पण बादशहाच्या न्यायाचं काय? दामाजी सुटले ते कोणीतरी रक्कम भरली म्हणून. शिवाय कोठार त्यांनी उघडलं होतं, यात तरी वाद नव्हता. कच्च्या कैद्याने काय केलं, तेच अजून ठरायचं असतं. २०२२च्या अखेरीस देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघे असे कच्चे होते. कर्मसिद्धान्त कितीही कठोर असला तरी आधी कर्म, मग फळ. इथे फळ आधी भोगायचं आणि कर्माचा तपास मागाहून. याला पूर्वसंचित म्हणून हात झटकणारेही भेटतील, पण मागच्या जन्माची फाईल उघडायचा अधिकार कुठल्याच न्यायाधीशाला नाही.

पैशाची टांगती तलवार नसेल तर आरोपी पळेल, फिर्यादीला धमकावेल, हा आक्षेप हलका नाही. पण श्रीमंताला जी रक्कम किरकोळ, ती मजुराला अशक्य. एकाला तिची भीती वाटत नाही, दुसऱ्याची तिच्यामुळे सुटका होत नाही. पैशापेक्षा घर, मुलंबाळं, रोजची मजुरी यांनी माणूस गावाला अधिक घट्ट बांधलेला असतो. धोका खरा असेल तर न्यायाधीशाने कारणं लिहून जामीन नाकारावा. त्याविरुद्ध वर दाद तरी मागता येते. न पेलणारी रक्कम ठरवून दिलेला जामीन म्हणजे कारण न लिहिलेला नकार. जामीन मिळूनही महिनाभरात बंधपत्र दिलं गेलं नाही, तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला तो महिनाही बाहेरच्या कोणाकडून तरी उसना आणावा लागतो.