थापी आणि गोटा

एका कुंभाराला दोन मुलं होती. थोरली लेक पाळण्यात असल्यापासून शांत. कुणीही उचललं तरी हसायची. धाकटा मात्र जन्मापासून हळवा. भांडं पडलं की दचकायचा, नवा चेहरा दिसला की पदराआड लपायचा, एकदा रडू लागला की लवकर थांबायचा नाही.

तो अडीच वर्षांचा असताना दारात नंदीबैल आला. ढोलकं घुमलं आणि पोरानं भोकाड पसरलं.

"एवढ्याला काय घाबरतोस? चल, हात लाव त्याला!" बापानं दंड धरून ओढलं.

"अहो, सोडा त्याला! तुम्हीच भेदरवता," म्हणत आईनं दुसरा हात ओढला. दोघांची जुंपली. पोर अंगणात लोळण घेऊन पाय आपटू लागलं.

"थोरली याच घरात वाढली ना? मग हाच हट्टी," बाप वैतागून म्हणाला.

आजोबा ओली मडकी थापटत बसले होते. त्यांनी आपल्या मुलाच्या हाती थापी दिली, सुनेच्या हाती गोटा. "तू बाहेरून मार. सूनबाई, तू आतून आधार दे. पण एकमेकांकडे बघू नका."

दोघांनी तसंच केलं. जाड मडक्याला नुसता पोचा आला. पातळ मडकं फाटलं.

"चुकले ते हातच," आजोबा म्हणाले. "जाड मडक्यानं सोसलं, पातळ मडक्याला सोसवलं नाही. म्हणून मातीला दोष द्यायचा? अरे, नीट घडला तर हाच पातळ माठ पाणी गार करतो. थापी मारते, गोटा पेलतो. कामं वेगळी, पण दोघांनी एकाच जागी भेटायचं."

सून हळूच म्हणाली, "मामंजी, कळलं."

पुढच्या वेळी ढोलकं ऐकू येताच बापानं पोराला कडेवर घेतलं. "इथूनच बघू." आईनं पाठीवर हात ठेवला. "मोठा आवाज झाला, भीती वाटली ना?" पोर रडलं, पण थोडंच.

असे बरेच दिवस गेले. पोर अजूनही दचकायचं, पण आता लोळण घेत नसे. "भीती वाटली," असं सांगायचं आणि बापाचा हात धरून उभं राहायचं. एके दिवशी त्यानं आपणहून नंदीबैलापुढे मूठभर ज्वारी धरली.

तात्पर्य : मूल कोणत्या स्वभावाचं जन्मावं, हे आईबापांच्या हाती नसतं. दोघांचे हात एकाच जागी भेटावेत, एवढं मात्र असतं. आणि हळव्या मुलाला त्याची गरज सर्वांत जास्त असते.