गीझरमधला रॉड

आजचं वाचन : गीता, अध्याय 3, श्लोक 19. आसक्ती सोडून कर्तव्य करत राहा.

काल चंदगडला घरी होतो. गीझरचं पाणी लालसर यायला लागलं म्हणून मिस्त्रींना बोलावलं. मेन स्विच बंद करून त्यांनी टाकी रिकामी केली आणि कॉइलजवळची एक उघडी तार दाखवली. तिच्यावर मॅग्नेशियमचा रॉड होता. टाकीच्या पत्र्याऐवजी तो झिजतो. तो संपला की गंज टाकीला धरतो. वर्ष-दोन वर्षांनी बघायचा असतो. आम्ही सात वर्षं उघडलंच नव्हतं.

मला लगेच निष्काम कर्मयोग आठवला. (आपल्याला कशातही अध्यात्म दिसतं!) पण मग आई आठवली. बंब होता तेव्हा इथल्या धो धो पावसात, ओल्या लाकडांवर फुंकणी फुंकत पहाटे पाचला तीच पेटवायची. आम्ही आंघोळ करून पूजेला बसायचो. तिच्या त्यागाचं कौतुक खूप केलं. गुडघे दुखतात का, ते विचारलं नाही.

फळाची आसक्ती मी सोडावी, असं श्लोक मला सांगतो. दुसऱ्याला ती सोडायला लावायचा परवाना त्यात कुठे आहे?

नवा रॉड बसला. टाकी किती टिकेल सांगता येत नाही, असं मिस्त्री म्हणाले. उद्या आईला घेऊन गडहिंग्लजला डॉक्टरांकडे चाललोय.