कृपेचा संदेश सांगण्याचा अधिकार

एखादा मनुष्य आपणांपुढे उभा राहून म्हणतो, "ईश्वराने तुम्हांस क्षमा केली आहे." हे बोलण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? ख्रिस्ती कृपेच्या संदेशाविषयी हा प्रश्न पहिल्याच पिढीत उठला, आणि तो पौलाला विचारला गेला.

पौल हजरत ईसा (अ.) यांच्या बारा शिष्यांपैकी नव्हता, आरंभी तर त्याने त्यांच्या अनुयायांचा छळ केला होता. मनुष्य कर्मांनी नव्हे, तर कृपेने व श्रद्धेने निर्दोष ठरतो, असे तो शिकवू लागला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की ही सुवार्ता त्याला माणसांकडून नव्हे, प्रकटीकरणाने मिळाली. आपली हरकत येथेच आहे. पौलाला आपण पैगंबर मानीत नाही, आणि पैगंबरांखेरीज कोणाचाही इलहाम वा स्वप्न इतरांवर हुज्जत ठरत नाही.

पण बहुतेक टीकाकार येथेच पत्र मिटतात. ते पुढे वाचावे. ३ वर्षांनी पौल यरुशलेमला जाऊन पेत्राकडे १५ दिवस राहतो. १४ वर्षांनी पुन्हा जातो आणि आपली शिकवण तेथील प्रमुखांपुढे ठेवतो. आपले श्रम व्यर्थ तर जात नाहीत ना, ही चिंता त्याला आहे. स्वर्गातला दूत किंवा आपण स्वतः जरी वेगळे सांगू लागलो, तरी ऐकू नका, असेही तो बजावतो. करिंथकरांस लिहिताना तर, जे आपल्याला मिळाले तेच पोहोचवले, असे सांगून तो साक्षीदारांची नावे देतो. साक्ष ज्या घटनांची आहे, त्यांबाबत कुरआनचे म्हणणे वेगळे आहे (सूरह निसा, १५७). तरी हदीसचा विद्यार्थी येथे थबकतो, कारण ही जवळजवळ सनदेची भाषा आहे. प्रकटीकरणाचा दावा करणाऱ्यालाही साक्षीदारांकडे जावेसे वाटले.

सनद तर माझ्याकडेही आहे, मदरशाची. एका जुम्याला मी अल्लाहच्या रहमतीवर एक सुंदर हदीस सांगितली. लोकांचे डोळे भरून आले. नमाजनंतर एका वृद्ध नमाजींनी हळूच विचारले, "मौलाना, ही कोणत्या किताबात आहे?" आठवडाभर शोधली, सापडली नाही. पुढच्या जुम्याला मिंबरवरूनच ती मागे घेतली. ते वृद्ध पहिल्या सफमध्ये बसले होते.